दुधाची दाढ : आत काय भरले, याची नोंद कोठे?

‘दुधाचा दात आज ना उद्या पडणारच, मग त्यावर एवढा खर्च कशाला?’ हा प्रश्न दंतवैद्यांइतकाच आम्हां बालरोगतज्ज्ञांच्याही कानी पडतो, कारण गाल सुजलेले मूल पुष्कळदा प्रथम आमच्याकडेच आणले जाते. दंतवैद्यक हा माझा प्रांत नव्हे, याची मला जाणीव आहे. तथापि बालकाचे मुख त्याच्या शरीराबाहेर नसते. म्हणून या विषयावर माझे मत मांडण्याचे धाडस करीत आहे.

दुधाची दुसरी दाढ साधारणतः दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहणे अपेक्षित असते. सहाव्या वर्षी तिच्यामागे कायमची पहिली दाढ उगवते. पुढची दाढ अकाली काढली, तर ही मागची दाढ पुढे सरकते आणि खाली वाढत असलेल्या दाताची जागा बळकावते. केवळ प्रतिजैविके देऊन सूज उतरते, रोग जात नाही; मृत दंतगराला रक्तपुरवठाच नसल्याने औषध तेथवर पोहोचत नाही. मुळांच्या नलिका स्वच्छ करून त्या भरणे, हाच खरा उपाय.

पण भरायच्या कशाने? कायमच्या दाताचे उत्तर तुलनेने सरळ आहे. तेथे गटापर्चा आणि त्याभोवतीच्या फटी बुजविणारे सीलर वापरतात. सीलरची विद्राव्यता ३ टक्क्यांहून अधिक नसावी आणि थराची जाडी ५० मायक्रॉनहून अधिक नसावी, असे आयएसओ ६८७६ हे मानक सांगते. इपॉक्सी रेझिनचे सीलर फारच कमी विरघळते व आपला आकार टिकवून धरते. कॅल्शियम सिलिकेटवर आधारित नवी द्रव्ये ओलाव्यातही घट्ट होतात, अल्कधर्मी असतात आणि ऊतींना मानवतात. मात्र पुढे पुन्हा उपचाराची वेळ आली, तर ती काढणे जिकिरीचे ठरते. गुणदोष निरनिराळे असले, तरी अपेक्षा एकच : भरलेले द्रव्य जागचे हलू नये.

दुधाच्या दाताबाबत हीच अपेक्षा उलटी होते. खालून कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचे मूळ विरघळू लागते. आत भरलेले द्रव्यही त्याच गतीने विरघळले पाहिजे. ना आधी, ना नंतर. झिंक ऑक्साइड-युजेनॉल हे जुने, स्वस्त व विश्वासाचे मिश्रण; पण ते मुळापेक्षा सावकाश विरते, त्याचे कण मागे उरतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्मची पेस्ट मुळाबाहेर गेली तरी शोषली जाते; परंतु कधी कधी ती नलिकेच्या आतूनही वेळेआधीच नाहीशी होते. या तिन्ही घटकांचे एकत्रित मिश्रण हा मधला मार्ग. त्याने दाताचा रंग मात्र बदलू शकतो.

तेव्हा ‘सर्वोत्तम द्रव्य कोणते?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. ‘या दाताला अजून किती वर्षे काम करायचे आहे?’ असे विचारावयास हवे. चार वर्षांच्या मुलाची दाढ आणखी सहा-सात वर्षे टिकवायची असेल, तर लवकर विरणारी पेस्ट पुरेशी ठरेलच असे नाही. तीच पेस्ट पडण्याच्या बेतात आलेल्या दाताला शोभते. मूळ बरेचसे झिजलेले असेल, तर दात काढणेच इष्ट. आणि खाली कायमचा दात मुळातच नसेल, तर दुधाच्या दाढेतही न विरघळणारे द्रव्य योग्य ठरते. शिवाय द्रव्य कितीही उत्तम असले, तरी वरचे आच्छादन गळके असल्यास जंतू पुन्हा आत शिरणार, हे विसरून चालणार नाही.

येथेच माझा मुख्य आग्रह आहे. आम्ही लस टोचतो, तेव्हा तिचे नाव, तारीख आणि बॅच क्रमांक कार्डावर लिहितो. दाताच्या नलिकेत वर्षानुवर्षे राहणाऱ्या द्रव्याची नोंद मात्र पालकांच्या हाती क्वचितच असते. विचारले तर उत्तर मिळते, ‘रूट कॅनॉल केलंय’. मुलाला आयोडीनची ॲलर्जी असेल, कुटुंबाची बदली होऊन दुसऱ्या गावचा दंतवैद्य गाठावा लागला, किंवा तीन वर्षांनी क्ष-किरण चित्रात नलिका रिकामी दिसली, तर ही एका ओळीची नोंद लाखमोलाची ठरेल. रिकामी नलिका हे द्रव्याच्या स्वभावाचे लक्षण की अपुऱ्या भरणीचे, हे तिच्यावाचून सांगणार कोण?

आपल्या मंडळातील दंतवैद्य मित्रांना माझी विनंती आहे : दाताचा क्रमांक, भरलेले द्रव्य, तारीख आणि पुढील तपासणीची वेळ, एवढे चारच तपशील पालकांना लिहून द्यावेत. आम्ही बालरोगतज्ज्ञांनी ते लसीकरणाच्या कार्डाशेजारी जपून ठेवण्यास सांगावे आणि प्रत्येक भेटीत घसा पाहताना दातांवरही नजर टाकावी. यास पैसा लागत नाही. लागते ती एकमेकांच्या शास्त्राविषयी थोडी आस्था.