वयाने मोठे, म्हणून पेपर माफ!

मंडळी, आज जरा रागाने लिहितेय. लेक म्हणाली, "आई, झालं ते झालं, आता तो विषय सोड." पण चूक दिसली की तिच्याखाली लाल रेघ मारायची सवय जन्मभराची, ती निवृत्तीनंतर कशी सुटणार?

तर झालं असं. मार्चमध्ये लेकीकडे अमेरिकेत होते, तेव्हा सगळे मिळून फ्लोरिडा कीजला गेलो. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची माळ आहे, ती ही. नकाशात कर्कवृत्ताच्या थोडी वर, पण हवा, नारळ, प्रवाळ सगळं थेट उष्ण कटिबंधातलं. मुक्काम की लार्गो बेटावर. तिथे बोटी भाड्याने मिळतात, आणि त्याही नावाड्याशिवाय! चावी घ्या आणि स्वतःच चालवा.

जावईबापूंनी एकवीस फुटी बोट ठरवली. मागे दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन. मी विचारलं, "तुम्हाला येते का चालवता?" ते हसून म्हणाले, "आई, गाडीसारखीच असते."

आता तिथला नियम ऐका. १ जानेवारी १९८८ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला दहा किंवा जास्त हॉर्सपॉवरची बोट चालवायची असेल, तर अभ्यासक्रम पुरा केल्याचं कार्ड लागतं, नाहीतर छोटी परीक्षा देऊन ९० दिवसांचं तात्पुरतं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याआधी जन्मलेल्याला यातलं काहीच लागत नाही. जावईबापू पंचेचाळीस वर्षांचे, म्हणजे पेपर न देता पास. आणि हो, मीसुद्धा पास! माझा जन्म १९५२चा. सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी कायद्याच्या हिशेबाने मी दीडशे घोडे समुद्रात हाकायला लायक. आणि ज्याने परवाच परीक्षा दिलीय तो पंचवीस वर्षांचा मुलगा कार्ड घरी विसरला, तर नालायक. हे कुठलं गणित, तुम्हीच सांगा.

जुन्या बोटवाल्यांना उतारवयात त्रास नको म्हणून ही सूट ठेवली असणार, हे मला कळतं. पण सूट मिळते जन्मतारखेला, अनुभवाला नाही.

१ जानेवारी २०२३ पासून तिथे भाड्याने बोट देणाऱ्यांनी निघण्याआधी सूचना द्यायच्या, असाही कायदा आहे. आम्हालाही दिल्या की! धक्क्यावर उभं राहून दहा मिनिटं, ऊन डोक्यावर, मागे पुढचं गिऱ्हाईक उभं. आणि कागदांची ही थप्पी, जागोजागी सही. मी मराठी माध्यमाची बी.ए., बोटाने ओळ धरून वाचत होते, तर तो पोरगा घड्याळ बघायला लागला. वर्गात "समजलं का?" विचारलं की मुलं "हो बाई" म्हणतात, त्याला आपण शिकवणं म्हणतो का? फळ्यापाशी बोलावून गणित सोडवायला लावलं की मग कळतं.

त्यातली एकच सूचना घ्या. परतताना लाल खूण उजव्या हाताला ठेवायची. (आपल्याकडे भारतात नेमकं उलटं, समुद्रातून बंदरात शिरताना लाल डावीकडे.) पण परतताना म्हणजे कुठून कुठे? भर समुद्रातून येताना ठीक, पण दोन बेटांच्या मधल्या पाण्यात जाणं कुठलं आणि येणं कुठलं? विचारलं तर म्हणाला, फोनवर नकाशा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या रंगाची. निळं पाणी खोल. हिरवंही बहुधा चालतं. पांढुरकं म्हणजे वाळू वर आलेली. तपकिरी म्हणजे समुद्री गवत नाहीतर प्रवाळ, तिथे बोट न्यायचीच नाही. हे आम्हाला कळलं कधी? तपकिरी पाण्यात बोट रुतल्यावर!

नात पुढे टोकावर पाय सोडून बसली होती. नऊ वर्षांची. त्या वयाला जॅकेट बोटीत असलं की पुरे, अंगात घालायची सक्ती सहा वर्षांखालच्यांनाच, म्हणून "आजी, उकडतं" चालू होतं. मी ओरडून जॅकेट घालायला लावलं आणि मागे आणून बसवलं. त्यानंतर पाच मिनिटांत बोट जी थांबली ती भिंतीवर आपटल्यासारखी. आम्ही सगळे पुढे कोलमडलो. ती तिथेच असती तर पुढून पाण्यात पडली असती. पुढून पडणारा बोटीखाली जातो, आणि मागे पंखा फिरत असतो. इंजिन बंद करणारी दोरी असते, चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची, म्हणजे तो पडला की इंजिन बंद. पण नात पडली तर ती दोरी काय करणार? आणि आमची दोरी तर नुसतीच लोंबत होती.

जावईबापूंनी जोर लावून बोट मागे घ्यायचा प्रयत्न केला. शेजारून जाणारा एक म्हातारा ओरडला, "बंद करा, बंद करा!" खरंच होतं त्याचं. पंख्याने ते गवत मुळासकट उखडतं आणि तो चर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. आम्ही मागे टाकलेला चर मी डोळ्यांनी पाहिला. तीन तासांनी ओढून न्यायला बोट आली, तिचं बिल वेगळं.

आता मला म्हणतात, "एवढं भ्यायचं तर घरी बसावं." अहो, मी भित्री नाही! त्याआधी दहा मिनिटं चाक माझ्याही हातात होतं, आणि इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. मजेला माझी ना नाही. पण मालवणहून सिंधुदुर्गाला जाताना खडकांमधून वाट काढतो तो तिथला नावाडी. "बाजूला हो, मी चालवतो" असं आपण त्याला म्हणतो का? मग परदेशात पैसे भरले की ते ज्ञान आपल्याला आपोआप येतं, असं का वाटतं? गाडीला ब्रेक तरी असतो. बोटीला तोही नाही.

माझं मागणं फार नाही. बोट देणाऱ्याने पहिला अर्धा तास सोबत यावं, पाण्यात चालवून घ्यावं, आणि जमलं नाही तर चावी परत घ्यावी. जन्मसाल कुठलंही असो. आणि त्याने नाही केलं तर आपण मागावं, जास्तीचे पैसे देऊन कप्तान घ्यावा. जेवणाच्या एका बिलाकडे आपण बघत नाही, इथेच काटकसर आठवते.

असो. जावईबापू, हे वाचाल तेव्हा रागावू नका. तुमच्यावर नाही लिहिलं, तुम्हाला न शिकवता चावी देणाऱ्यावर लिहिलंय. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. परीक्षा मात्र दोघांनी द्यायची, तुम्ही आणि मी. बघू कोणाला जास्त मार्क पडतात ते!