बागेत जायचंय, असं सांगू नका

"त्याला काही सांगू नका, उगाच घाबरेल." मुलाचं ऑपरेशन ठरलं की घरातलं कुणीतरी वडीलधारं हे बोलतं आणि बाकीचे माना डोलावतात. भाच्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी मीही डोलावली होती. तो पाच वर्षांचा. बागेत जायचंय म्हणून पहाटे उठवला, आवडीचा निळा शर्ट घातला. रिक्षा हॉस्पिटलच्या फाटकात वळली तेव्हा त्याने माझा हात सोडला आणि विचारलं, "मावशी, बाग?" सुई दिसायच्या आधीच तो रडायला लागला होता. पुढे महिनाभर "चल, बाहेर जाऊ" म्हटलं की चपला घालेना.

न सांगण्याच्या बाजूने दोन गोष्टी एका दमात बोलल्या जातात: मुलांना काही कळत नाही, आणि कळलं तर ती घाबरतात. यातली एकच खरी असू शकते. हर्निया म्हणजे काय हे मुलाला कळत नसेल. पण भरलेली पिशवी, आईची कुजबूज, आजीचे पुसलेले डोळे त्याला कळतात. उरलेलं ते मनानेच भरून काढतं. दुखणं ही आपल्याला मिळालेली शिक्षा आहे, असं या वयाच्या पुष्कळ मुलांना वाटतं. "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे रोज ऐकलेल्या मुलाला दुसरं काय वाटणार?

"आईबाप बाहेर गेले की मूल आपोआप शांत होतं," हा युक्तिवाद हॉस्पिटलवाल्यांचा. तोही जुनाच. 1952 साली जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये एक मूकपट केला. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस आईवेगळी ठेवलेली अडीच वर्षांची मुलगी त्यात दिसते. ती फारशी रडत नाही. ओठ आवळून रडू दाबते. तेव्हाचे डॉक्टर ज्याला शांत होणं म्हणत, ते मुलाचं खचणं होतं, हे रॉबर्टसन यांनी दाखवून दिलं. 1959 साली तिथल्या प्लॅट समितीने आईबापांना मुलाला कधीही भेटता यावं, अशी शिफारस केली. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी दारातूनच मूल ओढून नेतात.

खोटं बोलण्यात थेट धोकाही आहे. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून उपाशी ठेवतात. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. बागेत निघालेलं मूल भूक लागल्यावर बिस्किट मागणारच, आणि माया येऊन कुणीतरी ते देणारच. उलट, रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देणं हेही चूक. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांना विचारा. सही करायच्या आधी संमतीपत्र वाचा. सर्दी-खोकला, ताप, ॲलर्जी काही लपवू नका.

मग सांगायचं काय? "तुझा फुगवटा डॉक्टर नीट करणार आहेत. आधी औषधाची झोप लागेल. ती रात्रीच्या झोपेसारखी नाही, तिच्यात दुखत नाही. काम झालं की जाग येईल. मग थोडं दुखेल, तेव्हा मला सांग, औषध देतील." "अजिबात दुखणार नाही" हे मात्र म्हणू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे. मोठ्याला चार-पाच दिवस आधी, म्हणजे प्रश्न विचारायला वेळ मिळतो. बाहुलीच्या तोंडावर मास्क धरून खेळू द्या. थिएटरच्या दारापर्यंत कोण जाणार ते आधी ठरवा. ज्याचे हात कापतात त्याने मागे राहावं.

सांगितल्यावर मूल रडेल, हा आक्षेप मला मान्य आहे. रडेलच. भाच्याच्या टॉन्सिलच्या वेळी आम्ही सगळं सांगितलं, तेव्हा तोही रडला. पण घरी, आईच्या मांडीवर.

तुमच्या मुलाच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर त्याला जवळ घेऊन खरं काय ते सांगा.