आफ्रिकेआधी विक्रमगड

आमच्या नालासोपाऱ्यातल्या एका मुलाने परवा विचारलं, "भाई, पश्चिम आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जायचंय. कसं जमेल?" इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी म्हटलं, जरूर जा. पण आधी मनोरला हायवे सोड आणि विक्रमगडला जाऊन ये.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र दर रविवारी त्या तालुक्यातल्या एका पाड्यावर जायचो. वर्गणी काढून टॅबलेट घेतले होते. गणिताचं ॲप मी स्वतः लिहिलं होतं. एप्रिल महिना होता. दहा वाजले की मोठ्या मुली उठून जायच्या. मला वाटलं, कंटाळल्या. त्या हंडे घेऊन विहिरीवर जात होत्या, हे कळायला तीन रविवार गेले. कारण मी विचारलंच नव्हतं.

जोहरच्या वेळी वजूसाठी पाणी मागितलं. एका ताईंनी हंड्यातलं तांब्याभर दिलं आणि सहज विचारलं, "दादा, तुमच्याकडे पाणी कुठून येतं?"

"सूर्या धरणातून," मी म्हणालो आणि मला पुढे बोलता येईना. ते धामणीचं धरण याच तालुक्यात आहे. शेतीच्या सिंचनासाठी ते बांधलं गेलं. आता सूर्या प्रादेशिक योजनेतून ४०३ दशलक्ष लिटर पाणी रोज शहरांना द्यायचं ठरलंय. त्यातलं १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारचं, बाकीचं मीरा-भाईंदरचं. आपलीही तहान खोटी नाही, टँकरच्या रांगा आपण पाहिल्यात. पण ज्यांचं पाणी आपण पितो, त्यांच्याकडे 'सेवा' करायला जाताना आपण देणारे नसतो, देणेकरी असतो.

याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' तिथून आली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई १९९२ साली वारल्या तोवर त्यातच होत्या. आम्ही मात्र पावसाळा लागताच जायचे थांबलो. टॅबलेटचं पुढे काय झालं, हेही विचारलं नाही.

दोस्तांनो, बाहेर जाऊन काम करण्याची उमेद चांगलीच आहे. पण फोटोपुरतं जाऊ नका. आधी विचारा, मग न्या, आणि पुन्हा पुन्हा जा. इथे आपल्या शहरातही काम आहे. पाइपलाइनच्या गळतीत किती पाणी वाया जातं, हे महापालिकेला विचारा. सोसायटीत पावसाचं पाणी साठवा. सूर्येच्या कालव्यात शेतीला पाणी हवं म्हणून तिथला शेतकरी रस्त्यावर उतरला, तर त्याच्या बाजूला उभे राहा.

त्या मुलाला म्हटलं, विक्रमगडला वर्षभर जा, मग आफ्रिकेचा फॉर्म दोघं मिळून भरू. तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा, हे तोवर तुला कळलेलं असेल.