घारीचा पंख आणि आपली दया

संक्रांतीच्या सुमारास नायलॉनच्या मांजाने पंख चिरलेली घार झाडाच्या शेंड्याला लोंबकळताना पाहून अग्निशमन दलास वर्दी देणाऱ्या नागरिकाचा कळवळा खरा असतो. परंतु ज्या मांजावर राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ साली देशभर मनाई केली, तो त्याच्याच गल्लीत राजरोस विकला जातो, आणि त्या हुकुमाचा मुलाहिजा ना विक्रेत्यास, ना गिऱ्हाइकास! हाड जुळूनही कंडरा तुटलेल्या घारीच्या नशिबी पिंजरा आला, तर त्यास पुनर्वसन म्हणावे की जन्मठेप?

उन्हाळ्यात मात्र दयेचाच अतिरेक होतो. उडण्याची उमेदवारी करीत, आईबापांच्या नजरेखालीच जमिनीवर उतरलेले बुलबुलाचे धडधाकट पिल्लू अनाथ समजून घरी नेले जाते व त्यास दूध पाजले जाते. (कोणत्या पक्षिणीने दुधाची बशी मांडली होती, देव जाणे!) त्यास जवळच्या फांदीवर ठेवावे आणि मांजरास हुसकावीत दूर उभे राहावे.