बिडीचा धूर आणि आजोबांचा विसर



परिसर अभ्यासात श्वसनसंस्थेचा पाठ शिकवताना आपण मुलांना सांगतो, "धूम्रपानाने फुप्फुसे खराब होतात, कॅन्सर होतो." हे बरोबरच आहे, पण अर्धवट आहे. धुराचा मार मेंदूवरही बसतो, हे आपण क्वचितच सांगतो. ते सांगायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. बिडी-सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. वर्षानुवर्षे ओढत राहिलं की रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात, मेंदूतल्या बारीक वाहिन्यासुद्धा.

त्यात सीओपीडी जडला, की दुहेरी संकट. आपल्याकडे या आजाराला सरसकट "दमा" म्हणतात, पण हा वेगळा आजार आहे. श्वासनळ्या कायमच्या आकसतात, फुप्फुसातले हवेचे फुगे नष्ट होतात. रक्तात ऑक्सिजन कमी पडतो, खोकल्याने झोप मोडते, शरीरात सतत दाह राहतो. मग लक्ष लागत नाही, नाव आठवत नाही, हिशेब चुकतो. घरात मात्र एकच उत्तर तयार असतं, "वय झालं आता, चालायचंच!"

इथेच घात होतो. विसरणारा माणूस इनहेलर घ्यायला विसरतो, किंवा औषध ओढून श्वास रोखायचा असतो तेच त्याच्या लक्षात राहत नाही. औषध नीट पोचत नाही, आजार वाढतो आणि विसरही वाढतो.

काहीजण म्हणतात, "बिडी ओढल्याशिवाय डोकंच चालत नाही." खरं तर निकोटीन काही सेकंदात मेंदूत पोचतं आणि तेवढ्यापुरती तल्लफ शमते. तल्लफ शमल्याचं बरं वाटणं म्हणजे बुद्धी वाढणं नव्हे. लॅन्सेट आयोगाच्या २०२० च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १२ कारणं दिली आहेत. त्यात धूम्रपान आहे आणि हवेचं प्रदूषणही आहे.

प्रदूषण म्हटलं की आपल्याला मुंबई-दिल्ली आठवते. पण आपल्या खान्देशात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर चूल पेटते, तिचा धूर काय कमी आहे? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. चुलीचा धूर हे त्यातलं एक मोठं कारण. म्हणजे आयुष्यात बिडीला हात न लावलेली आजीही सुटत नाही. उज्ज्वला योजनेचं सिलिंडर घरात आलं, पण पाणी तापवायला चूलच असेल, तर धूर तसाच राहतो.

राज्यात धूम्रपानापेक्षा तंबाखू-मिश्री खाणारे जास्त आहेत, हे खरं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्केच निघाले. म्हणून हा प्रश्न छोटा ठरत नाही. एकाच्या बिडीचा धूर घरातल्या सगळ्यांच्या नाकात जातो.

मग करायचं काय?

मुलाला दुकानात बिडी आणायला पाठवू नका. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणं गुन्हा आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. शिक्षकांनी हे पालकसभेत ठामपणे सांगावं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना धाप आणि विसर दोन्ही असेल तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्या. प्रत्येक विसर धुरामुळेच असतो असं नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं ही कारणंही तपासावी लागतात. बिडी सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा मोफत क्रमांक आहे.

गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत, पण बिडी सुटली की नुकसानीचा वेग मंदावतो. साठीतही सोडली तरी फायदा आहेच. आजोबांना नातवाचं नाव आठवत राहावं, एवढं कारण बिडी सोडायला पुरेसं नाही का?