बचत हीच पूर्वतयारी

विदर्भात नवतपा म्हणजे उन्हाळ्याचा कळस. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि हे नऊ दिवस सुरू होतात. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या गावात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. घरोघरी कूलर घरघरत असतात, पंखे अहोरात्र फिरत असतात. याच दिवसांत एखाद्या सायंकाळी क्षितिजावर ढग दाटून येतात, धुळीचे लोट उठतात आणि पाहता पाहता वादळ गावावर चालून येते. वायव्येकडील कोरडी तप्त हवा आणि बंगालच्या उपसागराकडून येणारे बाष्प यांची गाठ या भूमीवर पडते. त्या संगमाचेच हे अपत्य. अर्ध्या तासात सारे शांत होते. पण तोवर कुणाच्या घराचे पत्रे शेजारच्या बांधीत जाऊन पडलेले असतात, कुणाचे कवेलू फुटलेले असतात आणि गावातील वीज गेलेली असते. ती तासाभरात येईल की दोन दिवसांनी, हे कुणीच सांगू शकत नाही.

वीजबचत आणि वादळापासून बचाव हे आपण दोन वेगळे विषय मानतो. पहिल्याची आठवण बिल हाती पडल्यावर होते, दुसऱ्याची पत्रे उडाल्यावर. प्रत्यक्षात गृहस्थाच्या दृष्टीने हे दोन्ही एकच विषय आहेत. ज्या घराची विजेची गरज कमी, ते घर अंधारात अधिक काळ तग धरते. काटकसर हा केवळ पैशाचा हिशेब नाही; ती संकटकाळासाठी बांधलेली शिदोरी आहे.

हिशेब साधा आहे. अनेक मध्यमवर्गीय घरांत आज इन्व्हर्टर आहे. त्याची १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर सुमारे १.८ युनिट वीज साठवते. घट आणि बॅटरीचे आयुष्य यांचा विचार केला, तर त्यातील १.२ युनिट वापरण्याजोगी धरावी. जुने ७५ वॉटचे दोन पंखे आणि चोकसह ५० वॉट ओढणाऱ्या तीन जुन्या ट्यूबलाइट यांचा भार ३०० वॉट होतो. म्हणजे ही वीज चार तासांत संपली. त्याच घरात ३० वॉटचे दोन बीएलडीसी पंखे आणि २० वॉटच्या तीन एलईडी ट्यूब असतील, तर भार १२० वॉट आणि वीज पुरते दहा तास. बॅटरी तीच, उजेड तोच, वाराही तोच. परंतु एका घरात मध्यरात्रीच अंधार होतो आणि दुसऱ्या घरातील म्हातारी माणसे व तान्ही मुले सकाळपर्यंत शांत झोपतात. वर्षभरातील बचत निराळीच. दिवसाला पंधरा तास फिरणारे तीन पंखे बदलले, तर रोज दोन युनिट वाचतात आणि दोनशे दिवसांत चारशे. पंख्यासाठी मोजलेली अधिकची किंमत काही उन्हाळ्यांत वसूल होते.

'बिल आम्ही भरतो, तेव्हा किती वापरायचे ते आम्ही ठरवू', असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु विजेची तार एकट्याच्या मालकीची नसते. गावातील एका रोहित्रावर, आपल्या बोलीत सांगायचे तर एका 'डीपी'वर, अनेक घरे आणि अनेक कृषिपंप अवलंबून असतात. वादळानंतर पुरवठा पूर्ववत झाला की घराघरांतील कूलर, फ्रिज, पाण्याच्या मोटारी आणि ऑटो स्विच लावलेले पंप एकाच क्षणी सुरू होतात. वाऱ्यापावसातून बचावलेले रोहित्र या भाराने जळते आणि दोन तासांचा अंधार आठवड्याचा होतो. शेतात उन्हाळी धान उभे असेल तर त्याचेही पाणी तुटते. पंपाला कपॅसिटर बसवणे, ऑटो स्विच काढणे आणि वीज आल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून एकेक उपकरण सुरू करणे, एवढ्या शिस्तीने हे टळू शकते. तारेवर आकडा टाकणाऱ्यांविषयी तर स्पष्टच बोलले पाहिजे. ती चोरी आहेच. शिवाय वादळात तो सैल आकडा तुटून चिखलात पडतो आणि पहाटे तिथून जाणाऱ्या निरपराध माणसाचा किंवा जनावराचा बळी घेतो.

स्वयंशिस्तीचा विसरलेला धडा

समाज अशी शिस्त पाळतो का? महाराष्ट्राने याचे उत्तर एकदा दिलेले आहे. २००५-०६च्या सुमारास राज्यात विजेचा तीव्र तुटवडा होता आणि ग्रामीण भागाला दररोज कित्येक तास भारनियमन सोसावे लागत होते. त्या काळात महावितरणने 'अक्षय प्रकाश योजना' राबवली. तिची अट साधी होती. सायंकाळच्या वेळी गावाने कृषिपंप, पिठाच्या गिरण्या, हीटर अशी जड उपकरणे स्वेच्छेने बंद ठेवावीत. त्या बदल्यात दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच चालतील एवढी वीज गावाला अखंड मिळेल. नियम मोडणाऱ्यावर नजर ठेवायची ती गावानेच. ज्या गावांनी ही अट मनापासून पाळली, त्या गावांत मुले सायंकाळी दिव्याखाली अभ्यासाला बसली. तिथे नवे वीजकेंद्र उभे राहिले नव्हते, नवी तार आली नव्हती. केवळ 'थोडे मी कमी वापरतो, म्हणजे सर्वांना पुरेल' ही वृत्ती जागी झाली होती. आज ती योजना फारशी कुणाच्या स्मरणात नाही. टंचाई ओसरली की शिस्तही ओसरते, हा आपला जुना दोष आहे.

'वीज आमच्या विदर्भात तयार होते, मग अंधार आमच्याच वाट्याला का?' हा प्रश्नही विचारला जातो. तो अवाजवी नाही. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर आणि शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे मोठी औष्णिक केंद्रे आहेत. त्यांची राख आणि धूर या मातीने सोसला आहे. परंतु वादळात वीज जाते ती केंद्र बंद पडल्यामुळे नव्हे, तर गावातील सिमेंटचा खांब कोसळल्यामुळे किंवा तारेवर फांदी पडल्यामुळे. वीजपुरवठ्याच्या साखळीतील शेवटची कडी सर्वांत नाजूक असते. ती मजबूत करण्याचे दायित्व वीज कंपनीचे आहे आणि पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीचा जाब ग्रामसभेने तिला अवश्य विचारावा. मात्र जाब विचारून झाल्यावरही खांब पडू शकतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. विजेचे खांब हजारोंच्या संख्येने कोसळले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील अनेक गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. शासनयंत्रणा कितीही तत्पर असली तरी पहिल्या रात्री ती प्रत्येक दारात पोहोचू शकत नाही. पहिली रात्र घरानेच निभवायची असते.

घर कसे सिद्ध करावे?

आपल्या पूर्वजांचे पंचांग या बाबतीत डोळस होते. मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरले जात, फाटे आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जात, जनावरांसाठी तणस झाकली जात असे. आज कवेलूंच्या जागी पत्रे आले, चुलीच्या जागी गॅस आला. परंतु त्या आवराआवरीच्या जागी काहीच आले नाही.

आरंभ छतापासून करावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हा निसर्गनियम आहे. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, तर खालून शिरून उचलतो. म्हणून भिंतीबाहेर फार पुढे आलेला पत्रा आधी उडतो. पत्रे आकड्यांनी आणि वायसरांसह घट्ट आवळलेले हवेत, आणि खालचे वासे वा लोखंडी नळ्या भिंतीशी पक्क्या बांधलेल्या हव्यात. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत मात्र घातक आहे. वादळात तोच दगड माणसाच्या डोक्यात पडतो. सिमेंटच्या छताला उन्हाळ्याच्या आरंभी चुन्याचा पांढरा हात दिला, तर खालची खोली थंड राहते आणि कूलर कमी वेळ चालवावा लागतो.

त्यानंतर अर्थिंग. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून माणसे दगावतात. टाकीत पाणी भरताना प्लग काढून ठेवण्याची सवय आणि सुस्थितीतील अर्थिंग यांनी हे मृत्यू टळले असते. ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच प्रत्येक घरात बसवलेले असावे. ढग गडगडू लागताच टीव्ही, फ्रिज, संगणक यांचे प्लग काढावेत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

नवे सौर संच बसवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते. योजना स्तुत्य आहे. परंतु ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीज गेल्यावर आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. म्हणजे छतावर सौर फलक असूनही वादळाच्या रात्री घर अंधारातच राहील. हे ओळखून किमान दोन दिवे आणि एक पंखा चालेल एवढी बॅटरी वेगळी ठेवावी. फलकांच्या सांगाड्याचे बोल्ट वर्षातून एकदा तपासावेत, अन्यथा ते फलकच वाऱ्याबरोबर उडतील.

पाण्याचाही विचार हवा. वीज गेली की नळयोजना थांबते. जुन्या विहिरींवरील रहाट काढून आपण मोटारी बसवल्या. वापरातील विहिरीवर एक रहाट आणि दोर पुन्हा बसवायला कितीसा खर्च येतो? दोन दिवसांचे पिण्याचे पाणी, नित्याची औषधे, काडेपेटी, बॅटरीचा दिवा, भारित केलेला मोबाइल आणि कागदपत्रांची जलरोधक पिशवी एवढे साहित्य नेहमी एका ठरलेल्या जागी असावे.

सर्वांत मोलाचा अर्थातच जीव. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज कोसळून मरतात आणि त्यांत शेतात राबणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीतील पाण्यात वाकून काम करणाऱ्या आयाबहिणींना सर्वाधिक धोका असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अॅप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. प्रत्येक मजुराकडे तसा मोबाइल नसेल, पण रोवणीच्या प्रत्येक गटात एकाकडे तो असू शकतो. गडगडाट ऐकू येताच पाण्यातून बाहेर यावे आणि पक्के घर गाठावे. झाडाचा आडोसा घेऊ नये. घर दूर असेल तर दोन्ही पाय जुळवून, मान खाली घालून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर जाऊ नये. वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात विद्युतभार शिल्लक राहत नाही. त्याला स्पर्श करण्यास न घाबरता, श्वास वा नाडी थांबली असेल तर तत्काळ छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. निव्वळ भीतीपोटी उपचार न मिळालेला जीव जाणे, यासारखे दुर्दैव नाही.

आता प्रश्न कर्तव्याचा. ज्याच्या घरात एकच दिवा आहे, त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा करंटेपणा ठरेल. बचतीचे दायित्व ज्याच्याकडे अधिक आहे, त्याचे आहे. आणि पूर्वतयारीत साहाय्याचा अधिकार ज्याच्याकडे कमी आहे, त्याचा आहे. म्हणून प्रत्येक वस्तीत मृगापूर्वीचा एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा, अशी सूचना करावीशी वाटते. दोन तरुणांनी मिळून दहा घरे पाहावीत. कुणाचे पत्रे सैल आहेत, कुठली फांदी तारेला टेकली आहे, कुठला आकडा लोंबतो आहे, कुठली वृद्धा एकटी राहते, कुणाच्या घरी प्राणवायूचे यंत्र किंवा इन्सुलिन आहे, यांची नोंद करावी. तारेजवळच्या फांदीला स्वतः हात न लावता वीज कर्मचाऱ्यांना कळवावे. सैल पत्रा त्याच दिवशी आवळून द्यावा. ज्या घरात जास्त काळ टिकणारी बॅटरी आहे, त्या घराने संकटाच्या रात्री शेजाऱ्यांचे मोबाइल भारित करून देण्याचे आणि शेजारची औषधे थंड ठेवण्याचे आश्वासन द्यावे. यासाठी निधी लागत नाही, व्यासपीठ लागत नाही आणि छायाचित्रही लागत नाही. चार तास आणि थोडी आस्था पुरते.

समाजसंघटन हा शब्द आपण सभांतून पुष्कळ वेळा उच्चारतो. त्याची खरी परीक्षा वादळाच्या रात्री होते, जेव्हा सारा गाव अंधारात असतो आणि एका घरातील दिव्याखाली चार घरची मुले बसलेली असतात. तो दिवा त्या रात्री तेवत राहावा यासाठीची बचत मात्र आधीच्या तीनशे दिवसांत करावी लागते.