आधी कारण शोधा, मग रागवा

परवा शाळेचा संगणक सुरूच होईना. निळा पडदा यायचा अन् पुन्हा पहिल्यापासून. आदल्या दिवशी शेवटी मी बसले होते, म्हणून सगळे म्हणाले, "हिनंच बिघडवला." मला लई रडू आलं. गुरुजींनी तो सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरताच, चालू केला. पडद्यावर चित्र दाखवणारा ड्रायव्हर नावाचा नवा प्रोग्राम आपोआप आला होता, तोच चुकीचा निघाला. जुना परत घातला अन् संगणक सुरू! १९ जुलै २०२४ रोजी एका सदोष फाइलमुळे जगातले सुमारे ८५ लाख संगणक असेच अडले होते. तेही मुलांनीच बिघडवले का? म्हणून मला वाटते, मोठ्यांनी आधी कारण शोधावे, मगच रागवावे.

– इयत्ता चौथी